हरणांचा कळप आणि रानाची कुवत
अमेरिकेतील शिकारी व जमीनमालक यांच्या अनुभवातून

वन्य पशूंची जोपासना हा शेतीशास्त्राच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तथापि 1933 मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने या विषयासाठी जेव्हा स्वतंत्र प्राध्यापकपद निर्माण केले, तेव्हा ते प्राणिशास्त्राच्या विभागात न ठेवता कृषी अर्थशास्त्राच्या विभागात ठेवले. त्या जागी आल्डो लिओपोल्ड यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले होते, की रानातील पशुपक्षी हेही जमिनीचे एक पीक आहे. ते दरवर्षी घेता येते, मात्र जमिनीने पोसावे तेवढेच ते येते. शेतकऱ्याला यात नवे असे काही वाटणार नाही. एकरी किती रोपे ठेवावीत आणि एका कुरणावर किती गुरे सोडावीत, हा हिशेब त्याच्या रोजच्या परिचयाचा आहे. परंतु हाच हिशेब हरणांना लावताना अमेरिकेत जे वादळ उठले, ते पुढे साठ-सत्तर वर्षे शमले नाही. याचे कारण असे, की या पिकाची कापणी करणारा मजूर नव्हे. तो हौसेने, परवान्याचे पैसे भरून येणारा शिकारी होय, आणि तो कशासाठी येतो यावर कापणी कशी होणार हे ठरते.

ज्या हरणाविषयी हे विवेचन आहे, ते पांढऱ्या शेपटीचे हरीण होय. धोका दिसताच ते शेपटी उभारून पळते व शेपटीची खालची पांढरी बाजू निशाणासारखी दिसते, त्यावरून हे नाव पडले. आपल्याकडील चितळ-सांबरांप्रमाणे याच्याही नराची शिंगे भरीव असून दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. काळवीटाची शिंगे तशी गळत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात मांस व कातडी विकण्यासाठी झालेल्या बेसुमार हत्येमुळे या हरणांची संख्या सगळ्या अमेरिकेत मिळून तीन ते पाच लाखांवर आली होती. पुष्कळ राज्यांत तर ते दिसेनासेच झाले. 1900 सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली शिकार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविण्यास बंदी केली. राज्यांनी शिकारीचे मोसम आखले, रानातील हरणांच्या मांसाची विक्री बंद केली, आणि फक्त शिंगे असलेला नर मारावा, मादीला हात लावू नये, असा नियम बहुतेक ठिकाणी आला. 1937 मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा होऊन बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य पशूंच्या कामासाठी राज्यांना मिळू लागले. या उपायांचा परिणाम अपेक्षेपेक्षाही अधिक झाला. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते.

वाढीचा वेग

हे जनावर किती झपाट्याने वाढू शकते, याचा एक प्रसिद्ध दाखला मिशिगन राज्यातील आहे. तेथील जॉर्ज राखीव क्षेत्र या सुमारे 1,200 एकरांच्या, उंच कुंपण घातलेल्या रानात 1928 मध्ये 4 माद्या व 2 नर सोडण्यात आले. 1933 मध्ये हाका घालून मोजणी केली, तेव्हा 160 हरणे भरली. यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. नोव्हेंबरच्या सुमारास मादी गाभण राहते, सुमारे 200 दिवसांनी विते, आणि चारा भरपूर असेल तर बहुधा जुळी पाडसे देते. लांडगा व प्यूमा हे तिचे वैरी माणसाने बहुतेक प्रदेशांतून नाहीसे केले होते. अशा स्थितीत माद्यांना पूर्ण अभय मिळाले, की कळप फुगणार हे उघड आहे.

रान मात्र फुगत नाही. हरीण रवंथ करणारे असले, तरी गाईसारखे गवतावर जगणारे नव्हे. खाण्याच्या बाबतीत ते शेळीच्या जवळचे आहे. कोवळे शेंडे, झुडपांचा पाला, रुंद पानांच्या वनस्पती, ओक वृक्षाची फळे हा त्याचा मुख्य आहार. संख्या वाढली, की प्रथम सर्वांत रुचकर झाडांची रोपे नाहीशी होतात, नंतर कमी रुचकर झाडांची. मागील पायांवर उभे राहून हरणाचे तोंड जेथपर्यंत पोहोचते, तेथपर्यंत सगळा पाला सफाचट होऊन रानात एक आडवी रेघ ओढल्यासारखी दिसू लागते. तिच्यावर हिरवे, तिच्याखाली उघडे. अशी रेघ दिसली, की त्या रानाने आपली कुवत ओलांडली असे जाणावे. रस्त्याने जाणाऱ्याला हे रान हिरवेगार व हरणांनी गजबजलेले दिसते, आणि घोटाळा होतो तो येथेच.

ॲरिझोना राज्यातील कायबाब पठारावर असाच प्रकार घडला. तेथील हरीण निराळ्या जातीचे होते. पण धडा तोच. 1906 मध्ये ते पठार राखीव झाले, हरणांची शिकार थांबली, हिंस्र पशू वेचून मारण्यात आले, आणि 1924 नंतरच्या हिवाळ्यांत हरणे उपाशी मरू लागली. या घटनेसंबंधी लाख हरणांचे जे आकडे पाठ्यपुस्तकांतून छापले गेले, ते अदमासाचे होते. 1970 मध्ये ग्रॅम कॉघली या शास्त्रज्ञांनी त्यांतील कच्चेपणा दाखवून दिला, आणि असे आकडे तपासून न घेता पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेण्याची सवय विद्वानांनाही असते, हेही त्यावरून कळले. परंतु हरणे फार झाली व रान ओरबाडले गेले, हे मात्र प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी नमूद केलेले आहे.

मापून केलेला प्रयोग हवा असेल, तर तो पेनसिल्व्हानियातील आहे. तेथील वायव्य भागात अमेरिकेच्या वन खात्याने 1979 पासून सुमारे दहा वर्षे कुंपण घातलेल्या रानांत ठरावीक संख्येने हरणे ठेवून पाहिली: दर चौरस मैलास 10, 20, 40 व 80. एकरांच्या भाषेत सांगावयाचे, तर एका हरणामागे 64, 32, 16 व 8 एकर. प्रत्येक रानाचा काही भाग तोडलेला, काही विरळ केलेला व उरलेला तसाच ठेवलेला होता, म्हणजे नेहमीच्या व्यवस्थेतील जंगलच ते. चौरस मैलास 20 हरणांच्या वर संख्या गेली, की नव्या रोपांची विविधता घटली व जमिनीवर नेच्यांचे आच्छादन पसरले. नेचे हरीण खात नाही, आणि नेच्यांच्या दाट सावलीत झाडांचे बी रुजत नाही. पुढे हरणे कमी केली तरी नेचे हटत नाहीत. मधल्या उंचीच्या झाडोऱ्यात घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा सर्वांत कमी हरणांच्या रानापेक्षा सर्वांत जास्त हरणांच्या रानात पक्ष्यांच्या जाती 27 टक्क्यांनी व पक्ष्यांची संख्या 37 टक्क्यांनी कमी भरली. हरणांच्या प्रश्नात पक्ष्यांचे काय, असे विचारणाऱ्यास हे उत्तर पुरेसे व्हावे.

1943 चा मोसम

लिओपोल्ड यांना हे सर्व आकडे उपलब्ध नव्हते. पण विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडील रानांत हिवाळ्यात त्यांनी स्वतः फिरून पाहिले होते. बर्फ पडू लागले, की तेथील हरणे सदाहरित झाडांच्या आसऱ्याला एकत्र जमतात. त्या जागी झाडे डोक्याच्या उंचीपर्यंत खरवडलेली, आणि त्याखाली त्याच वर्षीची पाडसे मरून पडलेली. मोठ्या जनावराचे तोंड वर पोहोचते, पाडसाचे पोहोचत नाही. म्हणून उपासमारीत आधी पाडसे जातात. दयाळू लोकांनी तेथे गवताच्या गंज्या नेऊन टाकल्या, तर भरल्या पोटानेही हरणे मेली, कारण त्यांच्या पोटातील सूक्ष्म जीव हिवाळ्यात काड्या-शेंड्यांना सरावलेले असतात. एकाएकी धान्य घातले, तर परिणाम त्याहून वाईट. एखाद्या बैलाने चुकून पोतेभर ज्वारी खाल्ली तर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्यास याचे स्पष्टीकरण नको.

लिओपोल्ड यांनी माद्याही मारल्या पाहिजेत असा आग्रह धरला. ते राज्याच्या संवर्धन मंडळाचे सदस्य झाले, आणि 1943 च्या मोसमात शिंगे नसलेली हरणे, म्हणजे माद्या व पाडसे, मारण्यासही मुभा देण्यात आली. त्या वर्षी सुमारे सव्वा लाख हरणे मारली गेली. लोक संतापले. ज्या नियमाने मरणपंथाला लागलेला कळप वाचविला, तोच आता मोडला जात आहे, ही भावना खोटी म्हणता येणार नाही. वडिलांनी मुलाला शिकविलेली पहिली गोष्ट, मादीवर बंदूक रोखू नये ही होती. वृत्तपत्रांतून लिओपोल्ड यांच्यावर टीकेची झोड उठली. त्या मोसमाला पुढे ‘1943 चा गुन्हा’ असे नाव पडले. पुढील काही वर्षे मंडळ पुन्हा नरांच्या शिकारीवरच आले. 1948 मध्ये शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेली आग विझविताना लिओपोल्ड यांचे निधन झाले, आणि त्यानंतरच्याच वर्षापासून त्या राज्याला माद्या मारण्याची परवानगी पुन्हा द्यावी लागली.

शिकारी कशासाठी जातो?

शास्त्र बरोबर असूनही लोक ऐकत नाहीत, तेव्हा लोकांना अडाणी ठरविणे सोपे असते. ते सोडून, शिकाऱ्याला नेमके काय हवे आहे याचा अभ्यास काही विद्यापीठांनी पुढे हाती घेतला, हे अधिक फलदायी ठरले. कॉर्नेल विद्यापीठातील डॅनियल डेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात शिकाऱ्यांच्या हेतूंचे तीन प्रकार दाखविले. कोणी सोबतीसाठी जातो, कोणी काही साध्य करून दाखविण्यासाठी, तर कोणी रानाच्या सान्निध्यासाठी. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील रॉबर्ट जॅक्सन व रॉबर्ट नॉर्टन यांनी शिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन असे सांगितले, की एकाच माणसाचा हेतू वयाप्रमाणे बदलतो. तरुणपणी बंदूक झाडण्याची व परवान्यात बसेल तेवढे मारण्याची ओढ असते. पुढे मोठ्या शिंगांच्याच नराची. मग साधनांची, म्हणजे बंदूक टाकून धनुष्य घेण्याची. आणि उतारवयात रानात जाऊन बसणे हेच पुरेसे होते.

विस्कॉन्सिनचा बंदुकीच्या शिकारीचा मोसम नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरमधील आभारप्रदर्शनाच्या सणाआधीच्या शनिवारी तो सुरू होतो. त्या दिवशी पहाटे राज्यभर पाच-सहा लाख माणसे भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालून रानात शिरतात. एकमेकांस गोळी लागू नये म्हणून हे रंग कायद्याने ठरविलेले आहेत. यांत कारखान्यातील कामगार, शिक्षक, दुकानदार असतात, आणि दुभत्या गाई पाळणारे शेतकरीही असतात. पहाटेची धार कोण काढणार, यावर त्यांच्या घरी आधीच बोलणी झालेली असतात. रानातील लाकडी झोपड्यांतून तीन पिढ्या एकत्र राहतात. आजोबाची बंदूक नातवाच्या हाती येते. रात्री पत्ते, चुलीवर शिजणारे जेवण, आणि गेल्या वीस वर्षांत जी हरणे हातची निसटली त्यांच्या गोष्टी. यांपैकी पुष्कळांना मोसम संपेपर्यंत काहीही मिळत नाही, तरी पुढील वर्षी ते येतातच. आपल्याकडील वारीला किंवा गावच्या जत्रेला जाणाऱ्या माणसाला ‘तुला तेथे काय मिळते’ असे विचारले, तर तोही नीट उत्तर देऊ शकणार नाही.

मांसाचा हेतू मात्र साधा व जुना आहे. एका मध्यम मादीपासून पंधरा-वीस किलो मांस घरी येते, ते शीतपेटीत ठेवून कुटुंब हिवाळाभर खाते. ते विकता येत नाही. देता येते, आणि गरजूंच्या अन्नछत्रांना असे मांस देण्याच्या योजना अनेक राज्यांत आहेत.

आता या हेतूंचा कळपावर होणारा परिणाम पाहावा. मांसासाठी येणारा शिकारी मादी मारावयास सहसा तयार असतो. शिंगांसाठी येणारा लहान नर सोडून देतो, हे चांगले. पण मादीवर काडतूस खर्च करीत नाही. सोबतीसाठी व रानासाठी येणाऱ्याला काही मारले नाही तरी चालते, परंतु हरणे दिसली पाहिजेत. दिवसात दहा हरणे दिसली, तर रान चांगले. दोन दिसली, तर खाते निकामी, असे त्याचे साधे माप असते. म्हणजे ज्या संख्येला वनाधिकारी रोग समजतो, तिलाच शिकारी आरोग्य समजतो. मका व सोयाबीन खाल्ले जाणारा शेतकरी वनाधिकाऱ्याच्या बाजूने असावा, असे वाटेल. पण तोच शेतकरी नोव्हेंबरमध्ये बंदूक घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याचे मत पालटलेले असते.

पेनसिल्व्हानियात 2002 पासून दोन्ही टोके एकदम धरण्याचा प्रयत्न झाला. नराच्या एका शिंगाला ठरावीक फाटे असल्याखेरीज तो मारू नये असा नियम केला, आणि त्याच वेळी माद्यांचे परवाने वाढविले. त्यावेळचे हरीण विभागाचे प्रमुख गॅरी आल्ट यांनी गावोगाव सभा घेऊन हे समजावून सांगितले. मोठ्या शिंगांचे नर पुढे खरोखरच अधिक दिसू लागले. एकूण हरणे मात्र कमी दिसू लागली, आणि त्याबद्दलचा राग कायम राहिला. सभांनी काम भागले नाही, असेच म्हणावे लागते. पण सभा झाल्या नसत्या, तर नियम एक मोसमही टिकला नसता.

जमीनमालकाचे काम

टेक्सास राज्यात जवळजवळ सर्व जमीन खाजगी आहे. तेथे जमीनमालक आपल्या रानातील शिकारीचा हक्क मोसमापुरता भाड्याने देतो, व काही ठिकाणी हे उत्पन्न गुरांच्या उत्पन्नाच्या बरोबरीने येते. साहजिकच चांगला कळप ठेवण्यात त्याचा स्वार्थ आहे. अल ब्रदर्स व मर्फी रे या दोघांनी 1975 मध्ये लिहिलेल्या पुस्तकाने तेथे व इतरत्र या कामाला दिशा दिली. हरणे थोडी ठेवावीत, माद्या पुरेशा काढाव्यात, कोवळे नर वाढू द्यावेत, आणि हे सर्व करण्याआधी रानाचा चारा पाहावा, हा त्याचा आशय होता.

नराची शिंगे तीन गोष्टींवर ठरतात: वय, आहार व वंश. दीड वर्षाच्या नराची शिंगे त्याच्या पूर्ण वाढीच्या मानाने किरकोळ असतात. पाच ते सात वर्षांत ती भरास येतात. टेक्सासच्या कर वन्य पशू क्षेत्रात 1970 च्या दशकापासून बंदिस्त हरणांवर झालेल्या प्रयोगांत 8 टक्के प्रथिनांच्या खुराकावरील नरांपेक्षा 16 टक्के प्रथिनांच्या खुराकावरील नरांची शिंगे चांगली भरली. वंशाविषयी जमीनमालक सर्वांत अधिक बोलतात, व मोकळ्या रानात त्यावरच त्यांचा सर्वांत कमी ताबा असतो. वय व आहार या दोन गोष्टी मात्र त्यांच्या हातात आहेत.

आहारासाठी जे करावे लागते, ते बरेचसे कुरण-व्यवस्थापनच होय. एडवर्ड्स पठारावर शेळ्या-मेंढ्या फार झाल्या, की हरणांचा पाला त्या खातात. म्हणून प्रथम शेळ्या कमी कराव्या लागतात व गुरे पाळीपाळीने फिरवावी लागतात. ज्युनिपरची झुडपे माजलेली असतील, तर ती पट्ट्यापट्ट्यांनी काढतात. सरसकट साफ केल्यास हरणाला आडोसा राहत नाही. हिवाळ्यात नियंत्रित जाळ लावून जुना काडीकचरा काढला, की रुंद पानांच्या वनस्पती फुटतात. उत्तरेकडील जंगलात ॲस्पेन झाडांचे लहान लहान तुकडे आळीपाळीने तोडतात. तोडणी हिवाळ्यात केली, तर आडव्या पडलेल्या फांद्यांचे शेंडे ऐन टंचाईत हरणांना मिळतात. याशिवाय मोकळ्या जागी पांढरा क्लोव्हर, ओट, चिकोरी यांची लहान वाफ्यांतून पेरणी करण्याची मोठी हौस तेथे आहे. बियाण्यांच्या जाहिरातीही त्याच मानाने असतात. अशा वाफ्यांनी थोडा आधार मिळतो, यात शंका नाही. पण शंभर एकर रान खरवडलेले ठेवून दोन एकर क्लोव्हर पेरणे म्हणजे गोठा उपाशी ठेवून दारापुढच्या एका गाईला पेंड घालण्यासारखे आहे.

कळप व रान यांचे जमते की नाही, हे हरणे मोजून कळत नाही. रानात हरीण मोजणे फार कठीण. ते कळते मारलेल्या जनावरांवरून. दीड वर्षाच्या नराच्या शिंगाची बुडाशी जाडी, पाडसांचे वजन, मादीच्या सडांत दूध आहे की नाही, या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या, की दिशा दिसते. वय जबड्यावरून ठरवितात. दाढांची फूट व झीज पाहून हरणाचे वय सांगण्याची रीत न्यूयॉर्क राज्यातील सेव्हरिंगहाउस यांनी 1949 मध्ये घालून दिली. दुदाती, चौदाती म्हणून बैल पारखणाऱ्यास ती शिकण्यास अर्धा दिवस पुरेल. या कामी शिकारीच खात्याचा कारकून होतो, आणि ज्याने चार वर्षे स्वतः वजने लिहिली, तो माद्यांच्या परवान्याविरुद्ध सहसा बोलत नाही.

एकट्या जमीनमालकाने हे केले, तर शेजाऱ्याच्या बांधापलीकडे त्याचा हिशेब चुकतो, कारण हरणाला बांध नाही. यास्तव शेजारशेजारच्या मालकांनी एकत्र येण्याची पद्धत रूढ झाली. पेनसिल्व्हानियात किंझुआ भागात 2000 मध्ये वन खाते, लाकूड कंपन्या व एका शहराची पाणीपुरवठा संस्था यांनी मिळून सुमारे 74,000 एकरांवर असा उपक्रम सुरू केला. शिकाऱ्यांना नकाशे दिले, रस्ते बर्फातून मोकळे ठेवले, माद्यांचे जादा परवाने मिळवून दिले, आणि मारलेले हरीण तपासणीस आणणाऱ्याला मान दिला. काही वर्षांत हरणांची दाटी निम्म्यावर आली, व जंगलात रोपे पुन्हा दिसू लागली. पिकांच्या नुकसानीबाबत विस्कॉन्सिनची योजना लक्षात घेण्यासारखी आहे. तेथे शिकार परवान्यावरील अधिभारातून शेतकऱ्याला भरपाई मिळते. मात्र भरपाई घेणाऱ्याने आपल्या जमिनीत शिकाऱ्यांना येऊ दिले पाहिजे, अशी अट असते. हरणे राखून ठेवावयाची व नुकसानही मागावयाचे, हे त्यामुळे जमत नाही.

दाटीचा एक धोका अलीकडे फार वाढला आहे. हरणांना क्षीण करीत नेणारा मेंदूचा एक असाध्य रोग 1967 मध्ये कोलोरॅडोतील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला, आणि 2002 मध्ये तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला. विकृत प्रथिनापासून तो होतो, लाळ व विष्ठा यांतून पसरतो, आणि त्याचे बीज मातीत वर्षानुवर्षे टिकते. विस्कॉन्सिनने रोगट भागातील हरणे जवळजवळ संपविण्याचे ठरविले, तेव्हा शिकाऱ्यांनी व जमीनमालकांनी साथ दिली नाही. खाण्यासाठी मारणारा रोगट मांसाच्या धास्तीने थबकला, आणि पाहण्यासाठी येणाऱ्याला रिकामे रान नको होते. काही वर्षांनी तो बेत सोडावा लागला. रोगट जिल्ह्यांत मक्याचे ढीग घालून हरणांना बोलाविण्यास आता मनाई आहे, कारण एका ढिगावर अनेक तोंडे लागतात.

आपल्याकडील संबंध

टेक्सासच्या त्याच पठारावर 1930 च्या दशकात भारतीय काळवीट नेऊन सोडण्यात आले, व आज तेथे त्यांचे हजारोंचे कळप आहेत. दक्षिण टेक्सासमधील किंग रँच या विस्तीर्ण जमिनीवर नीलगाय, म्हणजे विदर्भातील रोही, त्याच काळाच्या सुमारास नेली गेली. ती तेथे इतकी माजली, की गुरांना ताप आणणाऱ्या गोचिडांची वाहक म्हणून सरकारी पशुवैद्यक तिच्या मागे लागले आहेत.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि काळवीटाला त्या कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. तेव्हा अमेरिकेतील कापणीची बाजू येथे लागू करण्याचा प्रश्न येत नाही. सोलापूर-अहिल्यानगरकडील हरभऱ्यात काळवीट व विदर्भातील तुरीत रोही शिरले, तर जागल करणे व वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करणे, हे मार्ग शेतकऱ्याला मोकळे आहेत. परंतु मोजणीची बाजू येथेही वापरता येते. गायरान कोणी खाल्ले, गुरांनी की हरणांनी, हा वाद गावोगाव होतो, आणि तो नुसत्या बोलण्याने सुटत नाही. अमेरिकेतील जमीनमालक यासाठी तारेच्या जाळीचा एक पिंजरा वापरतात. चार-पाच फूट उंचीची जाळी सुमारे चार फूट व्यासाच्या गोलात वाकवून खुंट्यांनी रानात पक्की बसवावी. मृगाच्या पावसाआधी गायरानात असे तीन-चार पिंजरे निरनिराळ्या ठिकाणी बसविले, आणि दिवाळीच्या सुमारास आतील व तेवढ्याच मापाच्या बाहेरील जागेतील गवत कापून तोलले, तर किती चारा गेला हे कळते. जेथे गावच्या गुरांना चराईबंदी आहे अशा तुकड्यात एक जादा पिंजरा ठेवावा. तेथे जी तूट येईल, ती गुरांची नव्हे. हरभऱ्याच्या शेतात पेरणीनंतर लगेच असाच पिंजरा लावून काढणीच्या वेळी आतील व बाहेरील दाणा वेगवेगळा तोलता येतो. पिंजरा बांधालगत एक व शेताच्या मध्यभागी एक असा ठेवावा, कारण जनावरे बहुधा कडेने खात येतात, व एकाच जागेच्या मापावरून सगळ्या शेताचा हिशेब मांडल्यास तो फसतो.